धुंडीच्या दिवशीचा राजीनामा

सुवाळ्यांचा, म्हणजे गोड पुऱ्यांचा, तिसरा घाणा जमनीकाकीनं कढईत सोडला आणि त्याबरोबर एक पिल्लूही सोडलं.

"माहं काही म्हननं नाई बाप्पा," झाऱ्यानं तेल निथळवत ती म्हणाली, "पन एसटीची पक्की नोकरी सोडून गिरनीत जानारी बाई म्या तं अजून पाह्यली नाई."

रंजिताच्या हातातलं लाटणं थांबलं. मांडीवर पालथा पडलेला आठ महिन्यांचा ओम तिच्या बांगड्या हिरड्यांनी चावत होता. बांगडी हलेनाशी झाली तेव्हा त्यानंही चमकून वर पाहिलं.

"काकी, तुमाले कोनं सांगतलं?"

"तुह्या काकानं."

"अन् काकाले?"

"जीवननं."

रंजितानं डोळे मिटले. ठरलं होतं ते असं: होळीच्या आदल्या संध्याकाळी जीवननं, तिच्या नवऱ्यानं, बापूंना, म्हणजे आपल्या वडिलांना, एकटं गाठायचं आणि शांतपणे सगळं सांगायचं. झालं ते असं: बापू दिसले की जीवनला लेंगी म्हणायची हुक्की यायची. होळीची गाणी म्हणत म्हणत तो तांडाभर फिरला आणि शेवटी सगळ्यांत सोपा माणूस म्हणून लखीरामकाकाला सांगून मोकळा झाला. लखीरामकाकाला सांगणं आणि नंगाऱ्यावर टिपरू मारणं यात आवाजापुरताच फरक, तोही काकाच्या बाजूनं जास्त.

आता बापूंना कळलं असणारच.

चुलीपलीकडे रुपीबाई कणीक मळत होत्या. रंजिताच्या सासूबाई, पण त्यांना सगळं घर याडी म्हणायचं आणि रंजिताही तेच म्हणायची. या घरात जीवनखेरीज सगळी गोष्ट आधीपासून ठाऊक असलेलं एकच माणूस म्हणजे याडी. मुलाखतीच्या दिवशी ओमला सांभाळणाऱ्या त्याच, 'जाय, बिनधास्त जाय' म्हणणाऱ्याही त्याच.

"कांई वेगो?" याडींनी विचारलं. काय झालं ते त्यांनी ऐकलंच होतं, पण विचारायची रीत असते.

"फुटलं सगळं," रंजिता म्हणाली.

"फुटू दे. आज ना उद्या फुटनारच होतं." आणि त्यांनी कणकेला असा एक ठोसा दिला की परात हातभर सरकली.

आज ओमची धुंड. वर्षभरात तांड्यात जन्मलेल्या बाळाची धुंड, म्हणजे त्याला आशीर्वाद द्यायचा विधी, होळीला करायची, ही रीत बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घालणाऱ्या पणज्यांपासूनची. अंगणात मांडव पडला होता, तांडा लोटणार होता. आणि आजच संध्याकाळी पाचच्या आत दिग्रसच्या सूतगिरणीत राखी मॅडमना हो किंवा नाही कळवायचं होतं. नऊ दिवस त्या थांबल्या होत्या. "रंजिता, मला तुम्हीच हव्या आहात," त्या काल फोनवर म्हणाल्या होत्या, "पण उद्या पाचनंतर मला दुसऱ्या उमेदवाराला बोलवावं लागेल."

आठ वर्षं ती नेरच्या डेपोत कंडक्टर होती. महिन्यातून सहा-सात रात्री मुक्कामी गाडी; ज्या गावात गाडी रात्री थांबते त्या गावात आपणही थांबायचं, कधी ग्रामपंचायतीत, कधी शाळेच्या वर्गात. त्याच मुक्कामात, ड्रायव्हरमामा घोरत असताना, तिनं मुक्त विद्यापीठाची पुस्तकं उलगडून मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदविका पुरी केली होती. मुलाखतीत राखी मॅडमनी विचारलं, "अनुभव काय?" ती म्हणाली, "रोज चारशे माणसं, मॅडम. त्यातले पन्नास चिडलेले." मॅडम हसल्या आणि तिथंच काम झालं. हवं तर राहायला गिरणीचं क्वार्टरही मिळणार होतं.

बाळंतपणाची रजा रविवारी संपत होती. सोमवारी एकतर खाकी घालायची आणि ओमला ठेवून मुक्कामाला जायचं, किंवा राजीनामा. तिसरा रस्ता नव्हता.

मांडवातून खोकल्याचा आवाज आला. बापू बोलायच्या आधी असंच खोकायचे.

"जीवन," बापू म्हणाले, "सारे जमलेच हाय तं नसाब बसवू. मले जरा निवाडा पाह्यजे."

तांड्यात काही ठरवायचं असलं की नसाब बसते: नायक, कारभारी आणि चार जाणती माणसं. हिरासिंग नायक, रामधन कारभारी, म्हणजे खुद्द बापू, आणि जाणत्यांत लखीरामकाका, कारण ते बापूंचे धाकटे भाऊ आणि त्यांना उठवणं कुणाला जमत नाही. बायका नसाबीत बसत नाहीत. त्या मांडवाला बांधलेल्या साडीच्या आड बसतात आणि सगळं ऐकतात. रंजिता ओमला घेऊन साडीला टेकून बसली. साडीच्या पलीकडे नेमकी जीवनची पाठ होती.

"काय काम असते थे?" नायकांनी विचारलं.

"एचआर," जीवन म्हणाला. "मंजे... कंपनीतल्या मानसाइचं पाहाचं."

"मानसाइचं काय पाहाचं?" लखीरामकाका. "मानसं काय वावर हाय?"

रंजितानं साडीतून कुजबुज केली, "सांगा त्याइले. नवीन मानसं घ्याची, त्याइले काम समजावाचं, सुट्ट्या, तक्रारी, भांडनं..."

"भांडनं," जीवननं शेवटचं तेवढं पुढे पोचवलं.

नायकांच्या भुवया पागोट्याला टेकल्या.

"मंजे मिटवाची," जीवननं घाईनं जोडलं.

"भांडनं मिटवाचा पगार देतेत?" लखीरामकाका नायकांकडे वळले. "नायक, तुमी तं चाळीस वर्स फुकटच मिटवून राह्यले!"

"फुकट नाई," नायक शांतपणे म्हणाले. "चहा घेतो मी." मग जरा पुढे वाकून, "मानसं कामावरून काढाची बी असतेत का?"

रंजिता कुजबुजली. जीवन म्हणाला, "कधी कधी."

"मंग कठीन काम हाय," नायक म्हणाले. त्यांच्या आवाजात एकदम आपल्या धंद्यातल्या माणसाबद्दलचा आदर आला. "म्या एकच मानूस काढला नसाबीतून. वीस वर्सं झाले. त्याची बायको अजून मले रामराम करत नाई."

"नायक, तुमी तिच्याच बाजूनं बोलून राह्यले," काका कुरकुरले. "मी इचारतो, फाट्यावर गाडी कोन थांबवन?"

हा मुद्दा मात्र खरा होता. तांड्याच्या फाट्यावर एसटीचा थांबा नाही. पण आठ वर्षांत तिथं थांबल्याशिवाय एकही गाडी पुढे गेली नव्हती. रंजिता असो वा नसो, डेपोतले सगळे ड्रायव्हर म्हणायचे, ताईचा तांडा आहे. त्या थांब्यावरून जमनीकाकीच्या लोणच्याच्या बरण्या नेरला लेकीकडे जायच्या, यवतमाळहून नायकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या यायच्या आणि लखीरामकाकांचा एक चष्मा तर तीनदा एकटाच दिग्रसला जाऊन दुरुस्त होऊन आला होता.

"लोनचं?" साडीआडून जमनीकाकीनं मोठ्यानं विचारलं.

"पाह्य! बाया बी इरोधात हाय!" काका खूश झाले.

बापू अजून बोलले नव्हते. रंजिताला त्यांचं न बोलणंच जड जात होतं. आठ वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा खाकीत गाडीवर चढली, त्या दिवशी हा माणूस काही काम नसताना फाट्यावर गाडीत चढला होता. दिग्रसपर्यंतचं तिकीट, परतीचंही तिकीट. तिनं सुट्टे मागितले तर भर गाडीत छाती फुगवून म्हणाले, "माही सून हाय, सासऱ्याले बी सोडत नाई!" तेव्हापासून कुणी नवा माणूस भेटला की बापू आधी नाव सांगायचे, मग तांडा, मग 'सून एसटीत'.

"म्या तुले रोकत नाई," बापू शेवटी म्हणाले. साडीकडे पाहून, जीवनला गाळून थेट. "पन मी हो बी म्हनत नाई. सरकारची नोकरी कोनाले भेटते आजकाल? गिरनी आज चालू, उद्या बंद."

"बापू, एसटी बी तं सहा महिने संपावर होती," रंजिताच्या तोंडून निघून गेलं.

साडीआडून बाईचा सरळ आवाज आला म्हणून दोन म्हातारे खाकरले. नायकांनी हात वर केला. "रामधन, हो नाई, नाई बी नाई, असा निवाडा मी लिहू कुठी? काहीतरी ठरव."

बापूंच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसत होते की काय, साडीतून दिसेना.

"ठरवतो. आज धुंडीचं पातेलं बाया राखतीन. आजवर एका बी होळीले त्याइनं राखलं नाई. आज राखलं, तं मी हो म्हनतो. सोताच्या तोंडानं. नाई राखलं, तं सोमवारी खाकी."

मांडवात हशा उसळला. पातेलं म्हणजे सुवाळ्यांचं पातेलं. धुंड झाली की ते अंगणाच्या मधोमध खुंट्याला दोरानं बांधतात. गेरिये, म्हणजे होळीचे कारभारी तरुण आणि त्यांच्या मदतीला सारे बाप्ये, ते सोडवायला धावतात. बाया ओल्या काठ्या घेऊन त्यांना बदडतात. दोर कापायचा नाही, खुंटा उपटायचा नाही, गाठ हातानंच सोडायची. नंगारा थांबेपर्यंत पातेलं राहिलं तर बायांचं. ते कधीच राहत नसे.

"मंजूर," रंजिता म्हणाली. पुन्हा सरळच.

ती उठली ती ओमला कडेवर घेऊन थेट आतल्या खोलीत. ओमच्या लसीकरणाच्या कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं नऊ दिवसांपूर्वीच एक यादी केली होती. पदविकेच्या पुस्तकात लिहिलं होतं, बदल करायचा असेल तर आधी त्या बदलानं कोणाकोणाचं काय जाणार ते लिहून काढा. तिनं लिहिलं होतं: काका, फाटा. काकी, लोणचं. नायक, गोळ्या. बापू, मान. जीवन, भीती. यादीत सगळ्यात वर याडी. त्यांच्यापुढे काहीच लिहिलं नव्हतं, नुसती बरोबरची खूण होती. आपल्या बाजूनं.

आता त्याच यादीखाली तिनं दुसरी यादी केली आणि बायांना गोठ्यामागे जमवलं.

"हे पाहा, आपन दरवर्सी काहून हारतो? काहून की साऱ्या जनी एकाच जागी मारतेत. गाडीत गर्दी आत घेतली की मंग आवरत नाई. गर्दी दारातच अडवाची. काकी, तुमी म्होरं."

"मी? माहा हात चालत नाई पोरी."

"हात नाई चालवाचा. तोंड. येनाऱ्या दर बाप्याचं काहीतरी तुमाले माहीत असनच."

जमनीकाकीच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. लोणच्याचं दुःख मागे पडलेलं सगळ्यांनाच दिसलं. "दर बाप्याचं," ती समाधानानं म्हणाली. "दोन दोन."

शेजारच्या घरच्या दोन धिप्पाड बहिणींना तिनं डाव्या बाजूला लावलं, पळणाऱ्या पोरींना उजव्या बाजूला. नायकांच्या गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या आत्याला उठताच येत नसे, तिला पातेल्याच्या झाकणाला टेकून बसवायचं. न उठणं हेच तिचं काम. आत्या म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा कोणी योग्य काम सांगितलं.

"अन् गाठीपाशी याडी," रंजिता म्हणाली. "सगळ्यात भरवशाचं मानूस."

याडींनी मान हलवली.

दुपारी धुंड झाली. ओमला मांडीवर घेऊन रंजिता बसली, डोक्यावर आडवी काठी धरली गेली आणि गेरियांनी त्या काठीवर काठ्या वाजवत आशीर्वाद म्हटले. ओमनं आधी ओठ काढला, मग विचार बदलला आणि पायानं ताल धरला. बापूंनी सगळ्यांना तो पाय दाखवला. मग नंगारा घुमू लागला आणि बाप्ये धावले.

"ये लखीराम ये!" जमनीकाकीनं स्वतःच्याच नवऱ्यापासून सुरुवात केली. "सांगू का, परवा साप म्हनून कोन खाटेवर चढलं होतं अन् खाली कमरपट्टा होता ते?" काका जागच्या जागी वळले. मागचे दोघं त्यांना धडकले. डावीकडच्या बहिणींनी त्या तिघांचा एकदम हिशोब केला. एका गेरियाला काकीनं नुसतं "तुह्या मास्तरले इचारू का?" एवढंच म्हटलं, तर तो गेला तो आलाच नाही.

जीवन बाप्यांमध्ये होता आणि फार हळू धावत होता.

"जीवन! तू कोनाच्या बाजूनं हाय बे?" काका ओरडले.

"पायाले गोळा आला काका!"

"कोनत्या पायाले?"

जीवननं थांबून दोन्ही पायांकडे पाहिलं.

नंगाऱ्याचा ताल वाढला, म्हणजे आता संपत आलं. बाप्ये घामाघूम, काठ्यांचे वळ दंडांवर, आणि पातेल्याला आत्या टेकलेली ती टेकलेलीच. होणार. आज होणार. तिनं गाठीकडे पाहिलं.

याडी गाठीला पाठ लावून उभ्या होत्या, जशा उभ्या राहायला हव्या होत्या. त्यांची नजर समोर होती. पण त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते आणि अंगठे हलत होते.

दोर मोकळा झाला. सापासारखा मातीत पडला. लखीरामकाकांना आधी विश्वासच बसेना, मग त्यांनी आत्याला बाजूला ओढलं, पातेलं उचललं आणि "आलं! आलं!" करत मांडवाकडे पळाले. नंगारा त्यानंतर तीन ठोके वाजून थांबला.

बाया एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. याडी घरात निघून गेल्या होत्या.

ओमची झोळी आतल्या खोलीत आढ्याला बांधलेली होती. याडी खाली बसून दोरी ओढत होत्या. ओम झोपला नव्हता. झोळीच्या कापडातून त्याचा एक पाय बाहेर आला होता. रंजिता उंबऱ्यात उभी राहिली. रागावून बोलायचं म्हणून ती आली होती. पण याडींनी वर पाहिलं नाही, आणि आठ वर्षांच्या नोकरीनं तिला एक गोष्ट नक्की शिकवली होती: तिकीट न काढलेला माणूस कंडक्टरच्या डोळ्यांत पाहत नाही, आणि त्याला आधी ओरडलं तर तो खरं कधीच सांगत नाही.

ती शेजारी बसली. दोरीचं दुसरं टोक तिनं हातात घेतलं.

"याडी, गाठ सुटली कशी?"

"जुना दोर होता."

"नवा हाय. परवाच आनला म्या, दिग्रसवरून."

झोळी एकदा गेली, एकदा आली.

"क्वार्टरले खिडक्या किती?" याडींनी विचारलं.

"मंजे?"

"तुमी दोघं बोलत होते ना. परवा, तेरवा, रोजच. खिडक्या किती, मोरी कुठी, पोराची झोळी कोनत्या आढ्याले बांधाची. सारं ठरलं. मले कोनं इचारलं का?"

"पन याडी, तुमी तं पह्यल्या दिवसापासून हो म्हनून राह्यल्या!"

"नोकरीले हो म्हनलं मी. मले वाटलं जाऊन-येऊन करशीन. पोराले उचलून घिऊन जाले कवा हो म्हनलं?" त्यांनी झोळीची दोरी जोरात ओढली. "एसटीत राह्यली असती तं मुक्कामाच्या राती तरी हा माह्यापाशी निजला असता. म्या दिवस बी मोजून ठेवले होते. गिरनीत तं मुक्कामच नाई."

रंजिताला कार्डावरची ती खूण आठवली. सगळ्यांचं काय जाणार ते तिनं नऊ दिवस खपून लिहिलं, आणि जिचं सगळ्यात जास्त जाणार तिच्यापुढे एक शब्द नाही. हो म्हणालेल्या माणसाला पुन्हा काय विचारायचं, असं धरून ती चालली होती. तिला कानकोंडं झालं. इतकं, की क्षणभर वाटलं राखी मॅडमना फोन करून सांगावं, मॅडम, तुम्ही चुकीचं माणूस निवडलं.

"याडी," ती म्हणाली, "आता इचारतो. तुमाले काय पाह्यजे?"

"मले काय पाह्यजे!" याडी चिडून म्हणाल्या. मग थांबल्या. दोरी ओढायची थांबली. "थांब. इचार करू दे. हे कोनी इचारलंच नाई कवा."

रंजिता थांबली. बाहेर बाप्ये सुवाळ्या वाटून खात होते, त्यांचे ढेकर ऐकू येत होते. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले. ओमचा बाहेर आलेला पाय हळूहळू ढिला पडला.

"दिग्रसले म्या बाजारापुरतीच गेलो," याडी सावकाश म्हणाल्या. "सकाळी जा, ऊन उतरलं की परत ये. संध्याकाळचं गाव कसं असते, म्या पाह्यलंच नाई. दिवे लागल्यावर." त्यांनी सुनेकडे पहिल्यांदा पाहिलं. "तुह्या त्या क्वार्टरात मले जागा हाय का?"

"अन् बापूच्या भाकरी?"

"त्याले हात नाई का?"

दोघी एकाच वेळी हसल्या, आणि ओम झोपेतच दचकला म्हणून दोघींनी एकाच वेळी तोंडावर हात ठेवला.

मांडवात बापू निवाडा ऐकायला बसले होते. जिंकले होते तरी फारसे खूश दिसत नव्हते. हातातली सुवाळी तशीच होती. नायकांनी घसा साफ केला तेवढ्यात मांडवाची साडी बाजूला झाली. आडून कोणी बोललं नाही. साडीच बाजूला झाली आणि रुपीबाई नसाबीत येऊन उभ्या राहिल्या.

"नायक, ते पातेलं या बाप्याइनं नाई घेतलं. गाठ म्या सोडली."

लखीरामकाकांच्या तोंडात सुवाळी होती, ती तिथंच राहिली.

"कायले?" नायकांनी विचारलं.

"माहा राग होता सुनेवर. आता नाई."

"नायक, हे चालत नाई!" काका सुवाळी गिळून ओरडले. "पातेलं आमच्या हातात हाय!"

"पोटात हाय," नायक म्हणाले. "लखीराम, राखनदारानंच दार उघडलं तं आत येनारा जिंकला कसा? तू सोडली का गाठ?"

"नाई, पन..."

"कोनं सोडली?" कुणीच हात वर केला नाही. जीवन मुद्दाम दोन्ही हात बगलेत धरून बसला. "मंग पातेलं बायानं राखलं. सोडलं बी बायानंच. रामधन, बोल."

बापूंनी सुवाळी खाली ठेवली. साडी आता बाजूलाच होती, त्यामुळे रंजिता त्यांना सरळ समोर दिसत होती, कडेवर झोपलेलं पोर घेऊन.

"हो," बापू म्हणाले. मग, शब्द कमी पडला असं वाटून, "जाय. लोकाइले आता नवं सांगा लागन. काय म्हनाचं मी? एचआर?"

"तुमाले वाटन ते म्हना, बापू."

"मी म्हनन, नायक हाय. गिरनीची." हिरासिंग नायकांनी हे ऐकून पागोटं जरा नीट केलं.

"अन् अजून एक," रुपीबाई म्हणाल्या. "सोमवार ते शनवार मी क्वार्टरले राहीन. पोरापाशी. रविवारी येईन."

बापूंचा चेहरा पाहायला काकी चुलीपासून उठून आली.

"अन् मी?"

"तुमी अठीच. वावर हाय, बैल हाय, लखीरामभाऊ हाय."

"लखीराम?" बापूंनी भावाकडे असं पाहिलं, जणू आजच भेटले.

"वैनी," काका घाबरून म्हणाले, "मले बी भाकर येत नाई."

पाचला दहा कमी होते. रंजितानं ओमला जीवनच्या खांद्यावर दिलं आणि मांडवाच्या कोपऱ्यात, जिथं रेंज येते तिथं, उभी राहून फोन लावला. सगळा तांडा पुढे सरकला. आत्यासुद्धा कान देऊन बसली.

"राखी मॅडम? रंजिता आडे बोलतेय. हो. येते मी. राजीनामा सोमवारी देते, पुढच्या महिन्यापासून हजर होते."

"वा! फार बरं वाटलं," पलीकडून आवाज आला. "क्वार्टर लागेल ना? कुटुंबातली किती माणसं लिहू?"

रंजितानं मांडवात पाहिलं. जीवननं चार बोटं दाखवली. आपण दोघं, ओम आणि याडी. याडींनी मान हलवली, चारच.

बापू उठून कधी जवळ आले ते तिला कळलंच नाही. ते बैलांच्या दिशेनं पाहत होते, जणू तिकडेच निघाले होते.

"तिले इचार," ते पुटपुटले, "क्वार्टरले पाहुना आला तं किती दिवस राहू शकते. सहज. कोनाले लागलं तं."

"कोनाले, बापू?"

"सहज म्हनलं ना मी."

रंजितानं फोन परत कानाला लावला.

"मॅडम," ती म्हणाली, "पाच लिहा."